विधानपरिषदेची निवडणूक पद्धत सुधारण्याचा मसुदा कसा लिहावा

विधानपरिषद असावी की बरखास्त व्हावी, या विषयावर पुण्यातल्या कोणत्याही अभ्यासवर्गात किंवा वादसभेत चर्चा सहज रंगते, पण ती निवडली कशी जावी असे विचारले की बहुतेकांचा उत्साह ओसरतो. वास्तविक परिषदेवर होणारी टीका, म्हणजे ती पराभूतांची सोय आहे, तिथे पैशांचा खेळ चालतो, पदवीधरालाच वेगळे मत का, ही सगळी टीका मुळात तिच्या निवडणूक पद्धतीवरची आहे. पश्चिम बंगालने १९६९ मध्ये, पंजाबने १९७० मध्ये आणि तमिळनाडूने १९८६ मध्ये परिषद मोडीत काढली; आंध्र प्रदेशने १९८५ मध्ये ती रद्द केली आणि २००७ मध्ये पुन्हा आणली. या सगळ्या प्रवासात पद्धत बदलून पाहण्याचा प्रयोग मात्र कोणीच केला नाही. विधी महाविद्यालयांतले विद्यार्थी, शिक्षक संघटनांचे कार्यकर्ते, नागरिक मंच यांपैकी ज्यांना असा बदल सुचवणारे निवेदन किंवा विधेयकाचा कच्चा मसुदा तयार करायचा आहे, त्यांच्यासाठी हे लेखन आहे.

माझे मत आरंभीच सांगतो. सुधारणेचा सारा भार दोन प्रश्नांवर पडतो: मतदार कोण, आणि एका मतदारसंघातून एका वेळी किती जागा भरल्या जातात. या दोन प्रश्नांची उत्तरे नीट बसली तर बाकीचे तपशील मार्गी लागतात. ती चुकली तर आचारसंहिता कितीही कडक केली तरी फरक पडत नाही.

आधी सभागृहाचे काम लिहून काढा

मसुद्याचे पहिले पान निवडणुकीवर नसावे, ते सभागृहाच्या अधिकारांवर असावे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९७ नुसार साधे विधेयक परिषद पहिल्या वेळी तीन महिने आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर केल्यावर आणखी एक महिना, एवढाच काळ रोखून धरू शकते. धन विधेयकाबाबत, म्हणजे कर आणि सरकारी खर्चाच्या विधेयकाबाबत, अनुच्छेद १९८ तिला केवळ १४ दिवस देतो, आणि तेही शिफारशी करण्यापुरते. संसदेप्रमाणे संयुक्त बैठकीची सोय राज्यात नाही, आणि मंत्रिमंडळ जबाबदार असते ते विधानसभेलाच. म्हणजे हे सभागृह सरकार घडवण्यासाठी किंवा पाडण्यासाठी नाही; घाईत झालेला कायदा पुन्हा वाचणे, विधानसभेत ज्यांना जागा मिळत नाही त्यांचे म्हणणे नोंदवणे आणि दीर्घकाळ एखाद्या प्रश्नाचा पाठपुरावा करणे, हे त्याचे काम आहे. वि. स. पागे हे १९६० ते १९७८ या काळात परिषदेचे सभापती होते आणि त्यांच्या कल्पनेतून साकारलेल्या रोजगार हमी योजनेला १९७७ मध्ये कायद्याचे रूप मिळाले, हे उदाहरण या संदर्भात आवर्जून द्यावे, कारण परिषदेकडून काय अपेक्षा ठेवता येते ते त्यातून ठोसपणे दिसते.

कामाचे हे वर्णन एकदा लिहिले की एक कसोटी आपोआप हाती येते: परिषदेची रचना विधानसभेची नक्कल होत असेल तर तिचा उपयोग नाही, आणि विधानसभेला आव्हान देण्याइतकी ती प्रबळ होत असेल तर तो धोका आहे. ऑस्ट्रेलियात थेट निवडून आलेल्या सिनेटने, म्हणजे तिथल्या वरिष्ठ सभागृहाने, १९७५ मध्ये अर्थसंकल्पी विधेयके अडवून धरली आणि त्या पेचातून पंतप्रधान व्हिटलम यांचे सरकार बडतर्फ झाले. म्हणून मसुद्यात थेट निवडणुकीचे प्रमाण वाढवणार असाल, तर अनुच्छेद १९७ आणि १९८ मधील मर्यादा जशाच्या तशा राहतील, असे एक स्पष्ट वाक्य त्यात अवश्य घालावे.

कोणता बदल कोणाच्या हातात आहे

बहुतेक निवेदने इथेच फसतात, कारण ती मुख्यमंत्र्यांच्या नावे लिहिली जातात आणि ज्या गोष्टी राज्य सरकारच्या अधिकारात नाहीत त्यांची मागणी करतात. अनुच्छेद १७१ काळजीपूर्वक वाचला तर चित्र पुष्कळ सोपे होते. त्याच्या तिसऱ्या खंडात परिषदेची वाटणी दिली आहे: एक तृतीयांश सदस्य स्थानिक स्वराज्य संस्थांकडून, एक तृतीयांश विधानसभेच्या आमदारांकडून, एक बारांश पदवीधरांकडून, एक बारांश शिक्षकांकडून आणि उरलेले राज्यपालांकडून. महाराष्ट्रात ७८ जागांची वाटणी २२, ३०, ७, ७ आणि १२ अशी आहे. मात्र दुसऱ्या खंडातले शब्द निर्णायक आहेत: संसद कायद्याने वेगळी तरतूद करीपर्यंतच ही रचना लागू राहील, असे घटनाकारांनी लिहून ठेवले आहे. म्हणजे पदवीधर आणि शिक्षक हे वर्ग बदलायचे असतील, आमदारांचा वाटा घटवायचा असेल, तर घटनादुरुस्ती लागत नाही. संसदेचा साधा कायदा पुरतो.

त्याखालचा स्तर लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० याचा आहे. जागांची संख्या आणि कोणत्या स्थानिक संस्थांचे सदस्य मतदार असतील ती यादी या कायद्याच्या अनुसूचींमध्ये आहे. मतदारसंघांच्या सीमा त्याहून खालच्या स्तरावर, राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतात. याउलट एकल संक्रमणीय मताची (मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो आणि विजयासाठी न लागलेले मत पुढच्या पसंतीकडे जाते ती) पद्धत चौथ्या खंडात, परिषदेची कमाल व किमान सदस्यसंख्या पहिल्या खंडात आणि दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होण्याचा नियम अनुच्छेद १७२ मध्ये आहे; त्यांना हात लावायचा तर घटनादुरुस्तीच करावी लागेल. अशी दुरुस्ती पूर्वी झालेली आहे: कमाल सदस्यसंख्या विधानसभेच्या एक चतुर्थांशावरून एक तृतीयांशावर आली ती १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने. तरीही माझा सल्ला असा की पहिल्या मसुद्यात घटनादुरुस्तीची एकही मागणी ठेवू नये. साध्या कायद्याने आणि आदेशाने जे होऊ शकते ते इतके मोठे आहे की त्यापुढचा आग्रह धरणे म्हणजे सगळेच लांबणीवर टाकणे होय.

मतदार कोण

१९५१ च्या जनगणनेनुसार देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्क्यांच्या वर होती. त्या काळात पदवीधरांना आणि शिक्षकांना स्वतंत्र प्रतिनिधी देण्यामागे एक विचार होता आणि तो हेटाळणीने उडवून लावू नये. आज मात्र त्या रचनेतून जी विषमता उभी राहते तिचे समर्थन करणे कठीण आहे. पुण्यातल्या एखाद्या माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या पदवीधर शिक्षकाला विधानसभेसाठी एक मत आहे, पदवीधर मतदारसंघात दुसरे आणि शिक्षक मतदारसंघात तिसरे. जुन्नर किंवा भोर तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या शिक्षिकेला शिक्षक म्हणून मत नाही, कारण माध्यमिक स्तराखालच्या संस्था घटनेनेच वगळल्या आहेत. तिच्या शाळेत पोषण आहार शिजवणाऱ्या बाईंना तर विधानसभेपलीकडे काहीच नाही. शिवाय पदवीची अट मतदाराला आहे, उमेदवाराला नाही. पदवीधर मतदारसंघातला उमेदवार स्वतः पदवीधर असण्याची गरज नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मद्रासच्या एका प्रकरणात दिला आहे. ज्ञानाच्या प्रतिनिधित्वासाठी केलेल्या तरतुदीत ज्ञानाची अट निवडणाऱ्याला लागते आणि निवडून येणाऱ्याला लागत नाही, ही विसंगती मसुद्यात ठळकपणे मांडावी.

मतदारयादीचा प्रश्न याहून गंभीर आहे. पदवीधरांची यादी प्रत्येक निवडणुकीसाठी नव्याने तयार होते. मागच्या वेळी नाव होते म्हणून या वेळी असेलच असे नाही. १ नोव्हेंबर ही अर्हता दिनांक धरून, त्याआधी किमान तीन वर्षे पदवी मिळालेली असावी लागते आणि अर्ज क्रमांक १८ पदवीच्या साक्षांकित प्रतीसह स्वतः भरावा लागतो. शिक्षकांसाठी अर्ज क्रमांक १९ आहे. परिणामी ज्या पक्षाकडे किंवा शिक्षणसंस्थेकडे घरोघरी जाऊन अर्ज भरून घेणारी माणसे आहेत तिच्या कलाने यादी घडत जाते, आणि निवडणुकीचा निम्मा निकाल नोंदणीच्या काळातच लागतो. पुणे पदवीधर मतदारसंघ पुणे, सातारा, सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर अशा पाच जिल्ह्यांचा आहे. हिंजवडीत नोकरी करणारा, दर अकरा महिन्यांनी भाड्याचे घर बदलणारा पदवीधर या यादीत क्वचितच सापडतो. म्हणून, पदवीधर मतदारसंघ टिकवायचाच असेल तर विधानसभेच्या यादीप्रमाणे त्याची यादी कायमस्वरूपी असावी आणि विद्यापीठांच्या अभिलेखावरून नावे आपोआप चढावीत, ही किमान मागणी ठेवावी.

माझ्या मते मात्र हा वर्गच काढून सर्व मतदारांना ती जागा द्यावी. ब्रिटनने विद्यापीठांचे वेगळे मतदारसंघ १९४८ च्या कायद्याने संपवले. आयर्लंडचा अनुभव अधिक बोलका आहे: तिथल्या सिनेटमध्ये सहा जागा केवळ दोन विद्यापीठांच्या पदवीधरांसाठी होत्या, तो अधिकार इतर संस्थांच्या पदवीधरांना देण्यासाठी १९७९ मध्ये घटनादुरुस्तीही झाली, पण तिची अंमलबजावणी करणारा कायदा सर्वोच्च न्यायालयाच्या २०२३ च्या निकालानंतर, २०२४ मध्ये झाला. विशेषाधिकार हळूहळू रुंदावू असे म्हणणाऱ्यांनी या चार दशकांचा विचार करावा. शिक्षण, शेती, आरोग्य, श्रम या क्षेत्रांचा अनुभव सभागृहात हवा असेल तर त्या अनुभवाची अट उमेदवारावर घालावी, मतदारावर नव्हे.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२ जागांबाबत माझे मत वेगळे आहे. गाव आणि शहर यांचा आवाज राज्याच्या कायद्यात पोचावा ही कल्पना पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणाऱ्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर अधिकच रास्त झाली आहे, आणि ती टिकली पाहिजे. तिच्यातले दोष दुरुस्त करण्याजोगे आहेत. कर्नाटकात ग्रामपंचायतीचे सदस्य परिषदेसाठी मतदान करतात, महाराष्ट्रात करत नाहीत. कायद्याच्या अनुसूचीत भर घालून हे बदलता येते. मतदारसंख्या वाढली की मते फुटू नयेत म्हणून काही दिवस सदस्यांना सहलीला नेऊन एकत्र ठेवण्याचा मार्गही आपोआप महाग आणि अवघड होतो. दुसरा दोष मताच्या वजनाचा आहे. पुणे महापालिकेतला नगरसेवक हजारो नागरिकांचा प्रतिनिधी असतो, लहान नगरपंचायतीतला काही शे लोकांचा, तरी दोघांचे मत सारखेच मोजले जाते. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत आमदारांच्या मताला लोकसंख्येनुसार मूल्य असते आणि महाराष्ट्राच्या आमदाराचे मूल्य १७५ आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. तीच रीत इथे सुचवता येईल.

तिसरा दोष मात्र आपण पुणेकरांनी प्रत्यक्ष भोगला आहे. महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षे तिथे प्रशासक होता. निवडणूक आयोगाच्या निकषांनुसार किमान ७५ टक्के स्थानिक संस्था कार्यरत आणि ७५ टक्के मतदार उपलब्ध असल्याशिवाय ही निवडणूक होत नाही. राज्यभर प्रशासक आल्यामुळे परिषदेच्या अनेक जागा रिकाम्या राहिल्या आणि त्याबद्दल कोणालाही जाब द्यावा लागला नाही. मसुद्यात यासाठी एक स्वतंत्र कलम हवे: स्थानिक संस्थेची निवडणूक सहा महिन्यांहून अधिक लांबली तर त्या क्षेत्रातले सर्व मतदार त्या जागेसाठी थेट मतदान करतील. असे कलम असेल तर निवडणुका लांबवण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही.

एका वेळी किती जागा

आता सर्वांत महत्त्वाच्या आणि सर्वांत दुर्लक्षित मुद्द्याकडे येऊ. घटनेने परिषदेसाठी एकल संक्रमणीय मताद्वारे प्रमाणशीर प्रतिनिधित्व, म्हणजे मतांच्या प्रमाणात जागा, सांगितले आहे. प्रमाण साधायचे तर वाटून देण्यासाठी एकाहून अधिक जागा लागतात. महाराष्ट्रातले सातही पदवीधर मतदारसंघ एकेका जागेचे आहेत, सातही शिक्षक मतदारसंघ एकेका जागेचे आहेत आणि स्थानिक संस्थांमध्ये मुंबईच्या दोन जागांचा अपवाद वगळता तीच स्थिती आहे. एकाच जागेसाठी पसंतीक्रम लिहून घेतले तर विजयी उमेदवाराला निम्म्याहून अधिक मते लागतात आणि बाकी सगळ्यांचे प्रतिनिधित्व शून्य होते. घटनेतले शब्द पाळले जातात आणि त्यांचा हेतू तसाच राहून जातो.

हे निवेदनात पटवून द्यायचे असेल तर आकडे मांडावेत. समजा, एका विभागात तीन गट आहेत आणि त्यांना अनुक्रमे ४०, ३५ आणि २५ टक्के मतदारांचा पाठिंबा आहे, आणि तो सगळीकडे साधारण सारखा पसरलेला आहे. पाच जागा पाच वेगळ्या मतदारसंघांत भरल्या, तर दुसऱ्या पसंतीची मते थोडी जरी पहिल्या गटाकडे वळली तरी पाचही जागा त्याच्या पदरात पडू शकतात. त्याच पाच जागा एकत्र भरल्या तर निवडून येण्यासाठी लागणारा कोटा एक षष्ठांश, म्हणजे १६.७ टक्क्यांच्या आसपास येतो. पहिल्या गटाचे दोन, दुसऱ्याचे दोन आणि तिसऱ्याचा एक असे सदस्य निवडून येतात. मतदार तेच, मते तीच, फक्त मतदारसंघ मोठा केला.

मोजणी कशी चालते तेही एकदा कागदावर करून पाहावे, म्हणजे ही पद्धत गूढ आहे हा समज जातो. चार जागा आणि १०० वैध मतपत्रिका असतील तर नियमानुसार प्रत्येक मतपत्रिकेचे मूल्य १०० धरले जाते, एकूण मूल्य १०,००० होते, त्याला जागांच्या संख्येत एक मिळवून, म्हणजे पाचाने, भागून येणाऱ्या २,००० मध्ये एक मिळवला की कोटा २,००१ ठरतो. एखाद्या उमेदवाराला पहिल्या पसंतीच्या ३० मतपत्रिका मिळाल्या तर त्याचे मूल्य ३,००० होते आणि ९९९ शिल्लक राहतात. त्या तीसही मतपत्रिकांवर पुढची पसंती लिहिलेली असेल तर ही शिल्लक त्यांच्यात सारखी वाटली जाते आणि प्रत्येक मतपत्रिका ३३ मूल्याने पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जाते. अपूर्णांक सोडून दिला जातो. मताचा जेवढा भाग विजयासाठी लागला तेवढाच खर्ची पडतो आणि उरलेला भाग मतदाराच्या इच्छेनुसार पुढे जातो, इतका हा हिशेब न्याय्य आहे. कोणी निवडून आले नाही तर सर्वांत कमी मूल्याचा उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढे जातात.

मग महाराष्ट्रासाठी कोणती रचना सुचवावी? माझा प्रस्ताव असा आहे. पदवीधर आणि शिक्षक यांच्या मिळून १४ जागा आणि आमदारांच्या ३० पैकी १६ जागा एकत्र केल्या तर ३० जागा थेट निवडणुकीसाठी मिळतात. कोकण, पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर या सहा महसुली विभागांत त्या लोकसंख्येच्या प्रमाणात वाटाव्यात, पण कोणत्याही विभागाला तीनपेक्षा कमी जागा देऊ नयेत, कारण त्याखाली प्रमाण नावालाच उरते. स्थानिक संस्थांच्या पुणे विभागातल्या पुणे, सातारा-सांगली, सोलापूर आणि कोल्हापूर या चार एकेरी जागांचा एकच चार जागांचा मतदारसंघ करावा. तिथला कोटा २० टक्क्यांवर येईल आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शक्तींनाही सभागृहात स्थान मिळेल. परिषदेची घटनात्मक कमाल मर्यादा २८८ च्या एक तृतीयांश, म्हणजे ९६ आहे आणि १८ जागांना अजून वाव आहे, तेव्हा जागा वाढवण्याचा पर्यायही आहे. पण नव्या जागांचा खर्च मागणाऱ्या निवेदनाला विरोध लवकर होतो, म्हणून मी तो मागे ठेवतो.

इथे दर दोन वर्षांच्या निवृत्तीचा नियम आडवा येतो आणि तो विसरणारे मसुदे पहिल्याच वाचनात बाद होतात. आज एकाच विभागातल्या वेगवेगळ्या जागा वेगवेगळ्या वर्षी रिकाम्या होतात. पदवीधरांपैकी पुणे, औरंगाबाद आणि नागपूर २०२० मध्ये, नाशिक आणि अमरावती २०२३ मध्ये, तर मुंबई आणि कोकण २०२४ मध्ये निवडले गेले. उपाय असा की एका विभागाच्या सर्व थेट जागा एकाच वर्षी भराव्यात आणि दर दोन वर्षांनी दोन विभागांची पाळी यावी. सहा विभाग, तीन पाळ्या. कायम सभागृहाचे तत्त्वही शाबूत राहते आणि एका वेळी पुरेशा जागाही मिळतात.

मतपत्रिका आणि बाद मते

परिषदेच्या मतदानात यंत्र नसते. आयोगाने दिलेल्या जांभळ्या स्केचपेननेच पसंतीचे आकडे लिहावे लागतात. दुसऱ्या पेनाने लिहिले, बरोबरची खूण केली, आकड्याऐवजी ‘एक’ असा शब्द लिहिला किंवा १ हा आकडा दोघांपुढे लिहिला तर मत बाद होते. मराठी, इंग्रजी किंवा रोमन आकडे चालतात. पुणे विभागासारख्या ठिकाणी उमेदवारांची संख्या मोठी असते आणि शिकलेल्या मतदारांचीही मते मोठ्या प्रमाणावर बाद होतात. थेट निवडणूक सर्वांसाठी खुली करायची तर हा नियम सैल करावाच लागेल: मतदाराचा हेतू स्पष्ट दिसत असेल तर मत वैध धरावे, आणि एकाच उमेदवारापुढे केलेली बरोबरची खूण पहिली पसंती मानावी.

मतपत्रिका सोपी करण्याच्या नादात पसंती ठरवण्याचा अधिकार पक्षांच्या हाती जाऊ देऊ नये, हा इशारा ऑस्ट्रेलियाकडून घ्यावा. तिथे १९८४ पासून सिनेटच्या मतदाराला पक्षापुढे एकच आकडा लिहून मोकळे होता येत असे आणि पुढच्या सगळ्या पसंती पक्षाने आधीच नोंदवलेल्या यादीनुसार वळत. लहान पक्षांनी आपसांत याद्यांची देवाणघेवाण केली आणि २०१३ मध्ये एक सदस्य अवघ्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास मतांवर सिनेटमध्ये पोचला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वरिष्ठ सभागृहात २०२१ मध्ये तर पहिल्या पसंतीच्या फक्त ९८ मतांवर एक उमेदवार निवडून आला. सिनेटसाठी ही सोय २०१६ मध्ये बंद झाली, पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्येच कायदा बदलला. आपल्या मसुद्यात एवढेच लिहावे की पहिली पसंती बंधनकारक, पुढच्या ऐच्छिक, आणि लिहिलेली प्रत्येक पसंती मतदाराच्या हातची.

खर्चाचा मुद्दा थोडक्यात पण ठामपणे मांडावा. लोकसभा आणि विधानसभेच्या उमेदवारांना खर्चाची कमाल मर्यादा आहे, परिषदेच्या उमेदवारांना नाही. पाच जिल्ह्यांचा मतदारसंघ आणि खर्चाला मर्यादा नाही, या स्थितीत साधा कार्यकर्ता उभा राहूच शकत नाही. थेट निवडणुकीची मागणी करणाऱ्याने ही मर्यादा त्याच कागदावर मागितली पाहिजे.

आमदारांचे मत आणि राज्यपालांची नियुक्ती

आमदारांकडून निवडल्या जाणाऱ्या जागांमध्ये प्रमाण बऱ्यापैकी साधते, कारण तिथे अनेक जागा एकत्र भरल्या जातात. जून २०२२ मध्ये दहा जागांसाठी २६ मतांचा कोटा होता. जुलै २०२४ मध्ये अकरा जागांसाठी २७४ आमदार मतदार होते आणि कोटा २३ वर आला. माझ्या प्रस्तावानुसार या जागा १४ झाल्या तर एका वेळी चार-पाचच भरल्या जातील, कोटा ५० च्या आसपास जाईल आणि लहान पक्षांना इथे वाट उरणार नाही. ही किंमत आहे आणि ती मसुद्यात लपवू नये. थेट जागांमध्ये त्यांना वाट मोकळी होते, एवढेच तिचे उत्तर आहे.

२०२२ आणि २०२४ अशा दोन्ही वेळी आमदारांची मते फुटल्याची चर्चा राज्यभर झाली. राज्यसभेसाठी २००३ च्या दुरुस्तीने खुले मतदान आले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ते वैध ठरवले; परिषदेसाठी मात्र आमदारांचे मतदान अजून गुप्तच आहे. खुल्या मतदानाने पैशांचा व्यवहार आटोक्यात येतो, पण आमदाराचा विवेकही पक्षाच्या ताब्यात जातो. माझा कल खुल्या मतदानाकडे आहे, कारण आमदार इथे स्वतःसाठी नव्हे तर आपल्या मतदारांच्या वतीने मत देतो आणि त्याने ते कोणाला दिले हे कळण्याचा त्यांना हक्क आहे. नगरसेवक आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्याबाबतीत मी गुप्तता ठेवीन. स्थानिक दडपणापुढे त्यांना तेवढेच संरक्षण असते.

राज्यपालनियुक्त १२ जागांसाठी एकच सुधारणा पुरेशी आहे, ती म्हणजे मुदत. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने पाठवलेल्या नावांवर निर्णयच झाला नाही, रास्त वेळेत निर्णय घेणे हे राज्यपालांचे कर्तव्य आहे असे मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२१ मध्ये सांगितले, आणि अखेर ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यांपैकी सात जागांवर सदस्यांचा शपथविधी झाला. साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांपैकी कोणत्या क्षेत्रातल्या कोणत्या कामासाठी नियुक्ती होत आहे, त्याची कारणे राजपत्रात छापावीत, अशी जोड त्याला द्यावी.

मसुदा पाठवण्यापूर्वी

तयार झालेला मसुदा जुन्या निवडणुकीवर चालवून पाहावा. एखाद्या जुन्या निवडणुकीतल्या जिल्हानिहाय मतांवर आपला कोटा लावून कोणाला किती जागा मिळाल्या असत्या ते काढावे, आणि तो हिशेब आपल्या आवडत्या पक्षाच्या विरुद्ध गेला तरी निवेदनाला जोडावा. वाचणाऱ्याचा विश्वास त्यानेच बसतो. महाविद्यालयात विद्यार्थ्यांकडून नमुना मतदान घेऊन हाताने मोजणी करून पाहणेही उपयोगी पडते, कारण कलमांतल्या त्रुटी मोजणीच्या टेबलावर लगेच उघड्या पडतात.

निवेदनाचे दोन भाग करावेत. मतदारसंघांचे एकत्रीकरण ज्यात आहे तो भाग केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे आणि निवडणूक आयोगाकडे जावा. पुणे विभागाच्या निवडणुकीचे निर्णय अधिकारी विभागीय आयुक्त असतात, त्यामुळे त्यांच्या विधान भवनातल्या कार्यालयातही एक प्रत द्यावी. यादी आणि मतदान केंद्रे यांबाबतच्या अडचणी तिथल्या अधिकाऱ्यांइतक्या बारकाईने कोणालाच माहीत नसतात. अनुच्छेद १७१ (२) खालचा कायदा मागणारा भाग आपल्या खासदारांमार्फत संसदेच्या याचिका समितीकडे किंवा खासगी विधेयकाच्या रूपाने जावा, आणि विधानसभेने त्याला पाठिंबा देणारा ठराव करावा अशी विनंती आमदारांना करावी. प्रत्येक भागाच्या शेवटी संक्रमणाचे कलम असावे: विद्यमान कोणत्याही सदस्याची मुदत कमी होणार नाही, नवी पद्धत कायदा लागू झाल्यानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपासून सुरू होईल, आणि सर्व विभागांची पाळी एकदा पूर्ण होईपर्यंत जुन्या व नव्या पद्धतीने निवडून आलेले सदस्य समान अधिकारांनी सभागृहात बसतील.